कादंबरीने लावलेली लग्ने

महोदय,

गाजलेल्या विज्ञानमालिकांतल्या पात्रांवर ज्या कादंबऱ्या निघतात, त्यांच्या लेखकांची कसोटी अवकाशातल्या लढाईपेक्षा प्रेमप्रसंगात लागते. पात्रे मुळात दुसऱ्याच्या मालकीची, वाचकाला त्यांची नस न् नस ठाऊक. एक वाक्य चुकीचे पडले तरी ‘हा असे बोलणारच नाही’ म्हणून पुस्तक मिटले जाते.

‘स्टार वॉर्स’मधली मारा जेड मला म्हणूनच पटते. १९९१ च्या कादंबरीत ती आली तीच नायक ल्यूक स्कायवॉकरच्या जिवावर उठून. पुढे दोघांचे लग्न झाले, पण त्याआधी कित्येक पुस्तके खर्ची पडली. तो वैराचा ताण लेखकांनी घाईने संपवला नाही. २०१४ मध्ये मात्र ‘स्टार वॉर्स’ बनवणाऱ्या ल्युकासफिल्म कंपनीने हा सगळा संसार ‘लेजेंड्स’ (दंतकथा) म्हणून अधिकृत कथेबाहेर काढला. ‘स्टार ट्रेक’च्या कादंबऱ्यांतही यानाचा कप्तान पिकार्ड आणि यानावरची डॉ. बेव्हर्ली क्रशर यांचे लग्न होऊन रने हा मुलगा झाला. ‘स्टार ट्रेक: पिकार्ड’ मालिकेच्या २०२३ च्या पर्वात त्यांना जॅक नावाचा भलताच मुलगा निघाला, आणि लग्न झालेलेच नाही!

हक्क कंपनीचे, हे मान्य. माझ्या कपाटात मात्र ल्यूक आणि मारा अजून नवरा-बायकोच आहेत.

– एक वाचक, सांगली