बेस म्हणजे नुसता धडधडाट नव्हे

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीतला इलेक्ट्रॉनिक संगीतावरचा लेख वाचला, विषय घेतलात याचं आधी बरं वाटलं, पण बेसवरच्या, म्हणजे खालच्या जड सुरांवरच्या, परिच्छेदात गाडी घसरली असं मला वाटतं. लेखाचा एकूण सूर असा की सॉफ्टवेअरमधला रेडिमेड आवाज उचलायचा, बेसचं बटण पिळायचं आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या की झालं काम. मी हौसेनं ट्रॅक बनवतो आणि माझा निम्म्याहून जास्त वेळ याच एका गोष्टीत जातो, म्हणून राहवलं नाही. चांगला बेस हलता असतो, पण तो सगळाच्या सगळा हलवायचा नसतो, तळ जागच्या जागी ठेवायचा आणि हालचाल वरच्या भागात करायची, एवढं कळलं की बाकी बरंच सोपं होतं.

साधं उदाहरण घ्या. सिंथमध्ये, म्हणजे आवाज घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये, दोन सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारख्या लहरी) लावा, एक ५५ हर्ट्झवर (सेकंदाला ५५ कंपनं) म्हणजे खालच्या ए नोटवर आणि दुसरी किंचित वर, ५५.५ वर. ऐकायला सूर एकच, पण तो फुगतो नि ओसरतो, तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा पुरत्या मिळायच्या आधी जी लाट ऐकू येते ना तीच ही. फरक अर्ध्या हर्ट्झचा, म्हणून मूळ सुराची लाट दर २ सेकंदांनी येते, पण याच आवाजातला दहावा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दहापट फ्रिक्वेन्सीचा सूर, एकीकडे ५५० वर आणि दुसरीकडे ५५५ वर असतो, तिथं सेकंदाला ५ लाटा. म्हणजे खाली संथ, वर भरभर, मधले सगळे आपापल्या वेगानं, आणि हे सगळं एक डिट्यूनचं (सूर किंचित हलवायचं) बटण जरासं सरकवून फुकटात मिळतं. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा टेक्नो संगीतकार केव्हिन सॉन्डरसन यानं १९८८ मध्ये रीस या नावानं काढलेल्या एका ट्रॅकमध्ये असा बेस होता, पुढं नव्वदच्या दशकात जंगल आणि ड्रम अँड बेस या वेगवान ठेक्याच्या संगीतप्रकारांतल्या लोकांनी तो इतका उचलला की आज त्या आवाजाला सरळ रीस बेसच म्हणतात.

पण गोची पण इथंच आहे. दोन्ही वेव्ह सारख्याच जोराच्या असतील तर दर २ सेकंदांनी एक क्षण असा येतो की तळाचा सूर जवळजवळ गायब होतो, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली, बेरीज शून्य. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) २ सेकंद म्हणजे बरोब्बर एक बार (चार ठोक्यांचं आवर्तन), म्हणजे प्रत्येक बारमध्ये ठरलेल्या जागी खड्डा, आणि तो नेमका पहिल्या ठोक्याच्या नोटवर पडला की बेस पोकळ वाटतो आणि माणूस काय करतो तर व्हॉल्यूम वाढवतो. शून्याला कितीही वाढवा, काय मिळणार? शिवाय बऱ्याच सिंथमध्ये ऑसिलेटरची, म्हणजे लहर तयार करणाऱ्या भागाची, फेज (लहर आपल्या चक्रात कुठं आहे ती जागा) दर वेळी कुठूनही सुरू होते, त्यामुळं आज एक्सपोर्ट केलं तर बेस दणदणीत आणि तीच फाइल उद्या एक्सपोर्ट केली तर मिळमिळीत, असंही होतं.

यावर उपाय म्हणजे आवाजाचे दोन तुकडे करायचे. डिट्यून केलेला हलता लेयर (थर) साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या खाली हाय-पास (फक्त वरचे सूर जाऊ देणाऱ्या) फिल्टरनं कापून टाकायचा आणि त्या रिकाम्या जागेत एक साधी साइन वेव्ह (हार्मोनिक्स नसलेली शुद्ध लहर) ठेवायची, हाच सब, मोनो म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच, ना डिट्यून ना कोरस (आवाज जाड करणारा इफेक्ट) ना रिव्हर्ब (घुमारा), फेज दर नोटला शून्यापासून सुरू आणि अटॅक (आवाज चढायचा वेळ) २-३ मिलिसेकंदांचा म्हणजे सुरुवातीला टिक असा आवाज येत नाही. वरचा लेयर मग खुशाल डावी-उजवीकडे पसरवा. तळ मोनो ठेवायचा दंडक व्हायनलच्या म्हणजे तबकडीच्या काळापासूनचा आहे बरं का, दोन्ही बाजूंचा बेस उलट्या फेजमध्ये गेला तर खाच वर-खाली व्हायला लागते आणि सुई उडते.

डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणं) लावायचं तेही हे तुकडे केल्यावरच. सब आणि वरचा भाग एकत्र डिस्टॉर्शनमध्ये घातले की नुसते हार्मोनिक्स वाढत नाहीत, दोघांच्या बेरजा-वजाबाक्यांच्या नव्या फ्रिक्वेन्सी पण तयार होतात, आणि २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात जो चिखल साचतो तो पुष्कळदा त्यातूनच येतो. क्रमानंही खूप फरक पडतो. फिल्टर आधी आणि डिस्टॉर्शन नंतर ठेवलं तर कटऑफ (फिल्टर जिथून कापतो ती जागा) हलतो तसा डिस्टॉर्शनचा पोत पण बदलत जातो, आवाज गुरगुरतो. उलट केलं तर फिल्टर सगळं गोल करून टाकतो. मी बहुतेक वेळा दोन्हीकडे एकेक फिल्टर लावतो, पण हा आपापल्या आवडीचा प्रश्न.

आता तो बोलल्यासारखा वाटणारा बेस, ज्याला लेखात यंत्राचा कर्कश आवाज म्हटलंय. तो यंत्रापेक्षा माणसाच्या तोंडाच्या जास्त जवळचा आहे. आपण आ म्हणतो तेव्हा पुरुषी आवाजात एक ठळक उंचवटा ७०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि दुसरा ११००-१२०० च्या, ई म्हणताना पहिला उतरून ३०० कडे येतो आणि दुसरा चढून २३०० च्या घरात जातो. एकच फिल्टर उघडझाप केला तर नुसतं वॉव-वॉव ऐकू येतं, पण दोन बँड-पास (फक्त एक पट्टा जाऊ देणारे फिल्टर) घेऊन एकाच एलएफओनं (बटण आपोआप मागंपुढं फिरवणाऱ्या संथ लहरीनं) एक वर आणि दुसरा खाली हलवला की आवाज स्वर उच्चारायला लागतो. करून बघा, पहिल्यांदा जमतं तेव्हा हसू येतं. आणि तो एलएफओ एकाच वेगानं फिरत ठेवला तर आठ बारमध्ये कान विटतो, म्हणून नोटगणिक वेग बदलायचा, एकीकडे पाव नोट, पुढं ट्रिपलेट (दोनाच्या जागी तीन), मग एका लांब नोटवर काहीच हालचाल नाही. हीच हालचाल हातानंही करता येते. रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र १९८१ च्या सुमाराला आलं, गिटारवाल्यांना सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून, आणि ते काही चाललं नाही, १९८४ मध्ये बंद झालं. नंतर शिकागोतली पोरं ते स्वस्तात घेऊन, पॅटर्न चालू ठेवून, कटऑफ आणि रेझोनन्स (कटऑफपाशी येणारा उंचवटा) हातानं फिरवत बसली आणि त्यातून ॲसिड हाऊस हा नाचाच्या संगीताचा प्रकार निघाला. तिथं नोटा त्याच राहतात, सगळी गोष्ट त्या फिरणाऱ्या बटणात असते.

प्रीसेटबद्दल, म्हणजे त्या रेडिमेड आवाजांबद्दल, लेखात जरा तुच्छतेनं लिहिलंय, ते मला पटलं नाही. प्रीसेट उघडा, कुठला एलएफओ कशाला जोडलाय ते बघा, मोडतोड करा, मी तर असाच शिकलो. व्हायटल किंवा सर्ज एक्सटी सारखे सिंथ फुकट मिळतात, त्यांत वेव्हटेबल, एफएम अशा आवाज घडवायच्या पद्धती आहेत. आवाज मनासारखा झाला की ऑडिओ म्हणून रेकॉर्ड करून घ्यायचा, म्हणजे फेजची भानगड कायमची मिटते, आणि त्यातले चांगले तुकडे कापून वापरायचे.

राहिलं ते पॉलिश. फिल्टर हलतो तसा रेझोनन्सचा उंचवटा कुठल्यातरी नोटवर मध्येच बोचतो, त्याला डायनॅमिक ईक्यूनं (ठरावीक फ्रिक्वेन्सी वाढली की तेवढीच कमी करणाऱ्या साधनानं) तेवढ्यापुरतं दाबायचं, किक (ड्रमचा जड ठोका) येते तेव्हा साइडचेननं, म्हणजे किकच्या इशाऱ्यावर, सब जरा खाली घ्यायचा, बस. आणि कमी आवाजात ऐकायचं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय की आवाज हळू असेल तर कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात आणि व्हॉल्यूम वाढवला की ते बाकीच्यांपेक्षा जास्त वेगानं वर येतात. त्यामुळं जोरात लावलेला कुठलाही बेस भारीच वाटतो, त्यावरून तो कसा बनवलाय ते काही कळत नाही.

एक विनंती. पुढच्या लेखासोबत क्यूआर कोड देऊन दोन छोट्या क्लिप ऐकवा, एकीत नुसत्या डिट्यून केलेल्या दोन सॉ वेव्ह आणि दुसरीत त्याच, पण तळ कापून खाली साइन ठेवलेल्या. आणि हेडफोन लावून ऐका असं ठळक छापा, कारण फोनच्या स्पीकरमधून ५५ हर्ट्झ बाहेरच पडत नाही, तिथं वरच्या हार्मोनिक्सवरून मेंदू खालचा सूर मनानंच जुळवून घेतो आणि दोन्ही क्लिप जवळपास सारख्याच वाटतील.

आपला,
घरच्या घरी ट्रॅक बनवणारा एक वाचक