सिस्टीम डिझाईन आणि काउंटरवरचा अनुभव

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पतसंस्थांत, साखर कारखान्यांत किंवा उद्यमबागेतील कचेऱ्यांत काम करणारे काही तरुण आता सॉफ्टवेअरकडे वळण्यासाठी ‘सिस्टीम डिझाईन’, म्हणजे मोठी सॉफ्टवेअर प्रणाली कोणत्या भागांची बनवावी आणि ते कसे जोडावेत याची आखणी, शिकत आहेत. त्यांच्याकडून बहुधा बलाढ्य कंपन्यांच्या आकृत्या पाठ करून घेतल्या जातात. लोड बॅलन्सर (काम अनेक सर्व्हरांत वाटणारा), कॅशे (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारा साठा), क्यू (कामांची रांग) ही नावे तोंडावर येतात. त्यांतले काय कधी लागते, हे विचारले की उत्तर अडते.

वास्तविक, पतसंस्थेच्या काउंटरवर काम केलेल्याची निम्मी तयारी आधीच झालेली असते. भरणा नोंदवताना नेटवर्क गेले आणि तीच विनंती पुन्हा पाठवली गेली, तर रक्कम दोनदा जमा होऊ नये म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो आणि तो आधी येऊन गेला आहे का, हे सर्व्हरला तपासावे लागते. पावती क्रमांक पाहिल्याखेरीज नोंद न करणाऱ्या कारकुनाला यात नवे काहीच नाही. त्याहून कठीण प्रश्न असा, की दोन शाखांमधील संपर्क तुटला असताना जुन्या शिलकेवर पैसे द्यावेत की ग्राहकाला थांबवावे? अशा वेळी अचूक शिल्लक आणि अखंड सेवा या दोन्हींची हमी देता येत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडले आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ साली सिद्ध केले. निवड कोणती करावी, हे मात्र त्या सिद्धतेत नाही. लहान रक्कम द्यावी, मोठी रोखावी, हा तोडगा रोज ग्राहकांना तोंड देणाऱ्यालाच सुचतो.

दिवसाला दहा लाख विनंत्या म्हटले की नवखा लगेच वीस सर्व्हर काढून मोकळा होतो. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले, तर सेकंदाला सरासरी बाराच्या आसपास पडतात. गर्दीच्या वेळी दहापट धरल्या, तरी साध्या नोंदींना एक चांगला डेटाबेस सहसा पुरतो.

प्रोग्रामिंग टाळून हे जमेल, असे मात्र कोणी समजू नये. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा), ट्रान्झॅक्शन (एकतर पूर्ण होणाऱ्या किंवा अजिबात न होणाऱ्या नोंदींचा गट), इंडेक्स (नोंदी लवकर शोधण्याची सूची) हे स्वतः करून पाहावेच लागते.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ बेळगावातच आहे. तेथील अध्यापक आणि पुण्या-बेंगळुरूहून सुट्टीला येणारे अभियंते यांच्या मदतीने येथील वाचनालयांनी रविवारी मराठीतून वर्ग भरवावेत, आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्याच कचेरीतील एका व्यवहाराची वाट, म्हणजे कोण नोंदवतो, कोण तपासतो, वीज गेली तर काय होते, हे कागदावर लिहून आणावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव