घासणी हातात आहे, तरीही यंत्र घेतलं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये भांडी धुण्याच्या यंत्रांवर एक खरमरीत पत्र आलं होतं. पत्रलेखक आपल्या नाशिकचेच. त्यांचं म्हणणं असं की, एप्रिल-मे आला की आपल्याकडे पाण्यासाठी जीव टांगणीला लागतो, तेव्हा असलं यंत्र म्हणजे उधळपट्टी. त्यातून घरकाम करणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येतो. आणि नवऱ्यांनी बायकोला यंत्र भेट देण्यापेक्षा स्वतः घासणी हातात धरावी.

घासणीचं आधी सांगतो. बँकेतून निवृत्त झालो तेव्हापासून आमच्या घरी रात्रीची भांडी माझ्याकडे आहेत. सकाळची भांडी कामाच्या ताई घासायच्या, रात्रीची मी. तेव्हा यंत्र हवं होतं मला आणि नको होतं ते सौ.ला. जाहिरातीत नेमकं उलटं दाखवतात. त्यामुळे तिला राजी करायला जाहिरातीचा काडीचाही उपयोग झाला नाही, दुकानदाराचा तर त्याहून नाही. हे पत्र मुख्यतः त्याबद्दल आहे.

दुकानात गेलो तर तिथल्या तरुणाने मला बाजूला घेऊन हळूच सल्ला दिला, ‘काका, विचारू नका. सरप्राइज द्या काकूंना.’ एकेचाळीस हजारांची वस्तू, जी तिच्या स्वयंपाकघरात तिला रोज डोळ्यांपुढे दिसणार, ती तिला न विचारता आणायची! माझं लग्न टिकलं आहे ते असले सल्ले न ऐकल्यामुळे.

दुसरा प्रयत्न मी हिशेबाने केला. २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्याच दिवशी, या यंत्रांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कर सोडून ३५,००० रुपये किंमत असलेलं यंत्र आधी ४४,८००ला पडायचं, ते ४१,३००ला मिळू लागलं. मी हे सगळं कागदावर मांडून तिच्यापुढे ठेवलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, ‘म्हणजे साडेतीन हजार वाचवायला एकेचाळीस हजार घालवायचे.’ जन्मभर लोकांची कर्जप्रकरणं तपासलेल्या माणसाला यावर उत्तर सुचलं नाही. वर तिने ओव्हनकडे बोट दाखवलं. त्या ओव्हनवर सध्या आपल्याच वर्तमानपत्राची रद्दी असते.

तिच्या नकाराला हट्ट म्हणणं सोपं होतं. आमच्या मुलाने फोनवरून तसं म्हटलंही. पण मी जसजसा ऐकत गेलो तसतसं लक्षात आलं की तिचे आक्षेप मोजके आहेत, नेमके आहेत आणि त्यांची उत्तरं द्यायला कोणी बांधील नाही. यंत्राच्या खोक्यावर ‘१३ प्लेस सेटिंग’ असं लिहिलेलं असतं. ती तेरा सेटिंग म्हणजे तेरा माणसांच्या युरोपातल्या जेवणाच्या बश्या, कप आणि काटे-चमचे. आमच्याकडे रात्री काय पडतं? ताटं, वाट्या, पेले, भाजीची कढई, आमटीचं पातेलं, कुकर आणि त्याच्या आतली भांडी, परात, तवा, झारा, डाव, सांडशी. ‘यातलं आत काय मावतं आणि काय चालतं ते सांगा,’ एवढंच तिने दुकानात विचारलं. ‘सगळं चालतं काकू,’ असं उत्तर आलं. तिथेच तिने पर्स बंद केली.

तिचा संशय रास्त होता, कारण सगळं चालत नाही. यंत्रातला साबण आपल्या भांड्यांच्या वडीपेक्षा कितीतरी तिखट, चांगलाच अल्कधर्मी असतो, आणि पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतं. ॲल्युमिनियमवर जो पातळ संरक्षक थर असतो त्याला तो साबण खातो आणि कुकर काळाठिक्कर पडतो. तांब्या-पितळेची झळाळी जाते. बिडाच्या तव्यात वर्षानुवर्षं मुरलेलं तेल निघून जाऊन तव्याला गंज चढतो. पोळपाट-लाटणं फुगतं आणि तडकतं. सौ.चं माहेर पंचवटीतलं. तिच्या आईने भांडी बाजारातून एकेक करून जमवलेली पितळी परात, तांब्याचं घंगाळ, कल्हईची पातेली आमच्याकडे आली आहेत. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली. ती भांडी त्या डब्यात घालायची कल्पनाच तिला सहन होईना, आणि ते योग्यच होतं.

मग एका दुपारी तिने फडताळ रिकामं करून सगळी भांडी फरशीवर मांडली आणि दोन ढीग केले. चालणारी इकडे, न चालणारी तिकडे. मला वाटलं, संपलं आता. पण सणावाराची भांडी बाजूला काढल्यावर रोजच्या वापरातलं जवळजवळ सगळं स्टीलचं निघालं. न चालणाऱ्यांत उरलं काय, तर जुना ॲल्युमिनियमचा कुकर, तवा आणि लाकडी सामान. तो ढीग बघून ती बराच वेळ काही बोलली नाही. माझ्या सगळ्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते त्या दोन ढिगांनी निम्मं केलं.

आता पाण्याकडे वळतो, कारण पत्रलेखकांचा भर त्यावर आहे आणि सौ.चाही होता. गंगापूर धरण भरलेलं असो की आटलेलं, आमच्या सोसायटीत पाणी बेतानेच वापरावं लागतं. रात्री भांडी विसळताना मी नळ चालू ठेवतो, अशी तिची कायमची तक्रार. एका रात्री तिने सिंकच्या खालचा पाइप काढून तिथे बादली लावली. भांडी संपली तेव्हा दोन बादल्या भरून तिसरी अर्धी झाली होती. ‘आता तुमच्या यंत्राचं दाखवा,’ म्हणाली. कंपनीचा कागद ९ ते १२ लिटर म्हणत होता, पण कागदावर तिचा विश्वास नव्हता.

गंगापूर रोडला आमच्या भाचीकडे हे यंत्र आहे. रविवारी मिसळीचा बेत करून आम्ही तिच्याकडे गेलो, आणि जाताना आमची कढई, पातेली, वाट्या पिशवीत घालून नेल्या. बसमध्ये लोक बघत होते. जेवणं झाल्यावर सगळं यंत्रात लावलं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची नळी ड्राय बाल्कनीत बादलीत सोडली. सौ. खुर्ची टाकून शेजारी बसली. बराच वेळ नुसता सळसळ आवाज. मग एकदम भसाभसा लाल-काळपट पाणी आलं आणि थांबलं. पुन्हा शांत. मग गढूळ, मग साबणाचं, शेवटी स्वच्छ गरम पाणी. यंत्र मोरीसारखं पाणी वाहू देत नाही. तळाशी तीन-चार लिटर पाणी घेतं, तेच तापवून फिरत्या हातांमधून पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारतं, मग ते फेकून नवीन घेतं. सगळं झाल्यावर एक बादलीसुद्धा पुरती भरली नव्हती. सौ.ने आत बोट बुडवून तवंग आहे का तेही पाहिलं.

भांड्यांचं मात्र संमिश्र निघालं, आणि दुकानदार सांगत नाहीत म्हणून मी इथे सांगतो. मिसळीच्या तर्रीची कढई लख्ख झाली. तिखट साबण आणि गरम पाणी तेलाला ठेवत नाही. एकात एक बसवलेल्या वाट्या आतून तशाच राहिल्या, कारण फवारा पोचलाच नाही. प्लॅस्टिकच्या डब्याची हळद हलली नाही. तळाशी लागलेलं दुधाचं पातेलं हातानेच घासावं लागलं. आणखी एक गोष्ट भाचीने सांगितली ती महत्त्वाची. खरकटं काढून टाकायचं, पण भांडी आधी नळाखाली विसळायची नाहीत. विसळलीत तर वाचलेलं सगळं पाणी तिथेच गेलं. शिवाय साबणातली एन्झाइमं पिठूळ आणि प्रथिनांचं खरकटं फोडायलाच घातलेली असतात. पत्रलेखकांच्या माहितीतले कोणी आधी विसळून मग यंत्रात घालत असतील, तर त्यांचा उधळपट्टीचा आरोप त्या घरापुरता मला मान्य आहे.

मिठाची भानगडही कोणी नीट सांगत नाही. यंत्रात एक मिठाचा कप्पा असतो. पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर स्टीलवर पांढरे डाग पडतात, म्हणून यंत्रातल्या राळेच्या (रेझिनच्या) खड्यांमधून पाणी हलकं करून घेतात आणि ते खडे मिठाने पुन्हा ताजे होतात. घरातलं आयोडीनचं मीठ तिथे चालत नाही, त्यासाठी वेगळं शुद्ध जाडं मीठ मिळतं. आमच्याकडे धरणाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत येतं, त्यामुळे हे गरजेचंच. मीठ, साबणाच्या वड्या आणि चकाकीचं द्रव मिळून महिन्याला पाचशेच्या आतबाहेर खर्च येतो. एका वेळेला साधारण एक युनिट वीज लागते. किंमत विचारताना हे कोणी मोजत नाही. जागाही नाही मोजत. आमच्या जुन्या ओट्याखाली ते गेलंच नाही, ड्राय बाल्कनीत ठेवावं लागलं आणि सोळा अँपिअरचा पॉइंट नव्याने काढावा लागला.

कामाच्या ताईंचा प्रश्न सौ.ने माझ्याआधी काढला होता. तिची अट अशी की ताईंचा एक रुपया कमी करायचा नाही. ताई आजही येतात. सकाळची भांडी गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या वेळात भाजी निवडून देतात, फडताळं पुसतात. सगळ्या घरांत असं होईल असं मी म्हणणार नाही. पण यंत्र घेतलं की ताईंना काढायचं हे यंत्राने ठरवलेलं नसतं, घरातल्या माणसांनी ठरवलेलं असतं. महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीच केला आहे. आमच्या ताईंना त्याची माहितीच नव्हती. पत्रलेखकांची कळकळ खरी असेल, आणि ती आहे असं मी धरतो, तर त्यांनी पुढचं पत्र त्यावर लिहावं.

शेवटचा अडसर पैशांचा नव्हता. ‘लोक म्हणतील, दोनच माणसं घरात, आणि हिला भांडी जड झाली.’ यावर मी तिला केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे वाचून दाखवले. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. माझी रात्रीची भांडी त्या ८८ मध्ये आरामात मावतात. हेही सांगितलं की हे यंत्र चालेल असं पहिल्यांदा करून दाखवलं ते जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईने. तिने १८८६ साली पेटंट घेतलं आणि १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात यंत्र मांडलं. सौ. म्हणाली, ‘तिच्या घरी कल्हईची पातेली नव्हती.’ पण त्या आठवड्यात तिने बाल्कनीतल्या जुन्या कुंड्या आणि कपाटं स्वतःच हलवून जागा केली.

घेतलं धनत्रयोदशीला. भांडी घ्यायच्या दिवशी भांडी घासणारं काहीतरी घेतलं तर लक्ष्मी रागावणार नाही, हा युक्तिवाद तिचाच. तरी आधी भांडी बाजारात जाऊन एक पितळी पळी घेतली, मग यंत्राच्या दुकानात गेलो. वेगळ्या दुकानात, हे सांगायला नको. पितळ ती अजून लिंबाची साल आणि मीठ लावून स्वतः उजळते, तवा आणि करपलेलं मी घासतो. म्हणजे घासणी सुटलेली नाही.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत सणासुदीला या यंत्रांच्या पानभर जाहिराती येतात, आणि त्यांत पांढऱ्याशुभ्र बश्यांपलीकडे काही दिसत नाही. नाशिकच्या विक्रेत्यांना आपल्यामार्फत माझी विनंती आहे: दुकानात एक यंत्र पाण्याला जोडून ठेवा. गिऱ्हाइकाला आपली कढई, कुकर आणि वाट्या घेऊन यायला सांगा आणि त्यांच्यासमोर धुऊन दाखवा. काय चालत नाही त्याची मराठीत यादी दारावर लावा, पाणी सोडायची नळी बादलीत ठेवा. आणि तोवर निदान शोभेच्या त्या काचेच्या पेल्यांच्या जागी डाळ लागलेलं एक पातेलं तरी ठेवा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
इंदिरानगर, नाशिक