मॅडम, आमच्या नळाला पाणी कुठून येतं ते कॅनडात नवीन येणाऱ्या माणसाला आल्या आल्या सांगा

प्रति,
मा. मँडी गल-मॅस्टी,
इंडिजिनस सर्व्हिसेस (मूळ रहिवाशांसाठीच्या सेवा) मंत्री, कॅनडा सरकार, ओटावा

मॅडम, नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. तुमच्या ऑफिसात कुणीतरी ट्रान्सलेट करून देईल, आणि नाही दिलं तरी निम्मं पत्र इथल्या आमच्याच लोकांसाठी आहे. मी २०१६ पासून विनिपेगला राहते, मूळची ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली. शहापूर लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

मागच्या गणपतीत आमच्या कार्यक्रमात सुरुवातीला स्टेजवरून लँड अ‍ॅक्नॉलेजमेंट वाचलं, म्हणजे आपण ट्रीटी १ च्या, मूळ लोकांशी झालेल्या एक नंबरच्या कराराच्या, जमिनीवर आहोत, ही अनिशिनाबे, क्री, डकोटा, मेटी लोकांची जमीन, आणि आपलं पिण्याचं पाणी शोल लेक ४० फर्स्ट नेशनकडून (फर्स्ट नेशन म्हणजे इथल्या मूळ लोकांचा एक समाज) येतं वगैरे. वाचणारा पोरगा 'अनिशिनाबे'ला तीनदा अडखळला, मग आरती, मग जेवणं. रांगेत माझ्यामागे एक काका होते ते म्हणाले, "हे आपण कशाला वाचायचं? गोऱ्यांनी केलं ते गोरे निस्तरतील, आपण तर काल आलोय." खरं सांगते, मला काही उत्तर सुचलं नाही, मान हलवली आणि मसालेभात वाढून घेतला.

उत्तर त्यांच्याच हातातल्या पाण्याच्या ग्लासात होतं.

तुम्हाला हे पाठ असेल, पण काकांसाठी सांगते. विनिपेगचं पाणी मॅनिटोबा-ओंटारिओच्या सीमेवरच्या शोल लेकमधून येतं, दीडशेच्या वर किलोमीटर लांबीच्या काँक्रीटच्या नालीतून, नुसत्या उतारावर वाहत, १९१९ पासून. त्या कामासाठी तिथल्या लोकांची तीन हजार एकरांच्या वर जमीन घेतली, त्यात त्यांची पुरलेली माणसं होती. शहराला गढूळ पाणी जायला नको म्हणून बंधारा आणि कालवा काढला, आणि त्या कालव्याने त्यांची वस्ती मुख्य जमिनीपासून तोडली, चक्क बेट करून टाकलं. उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून ये-जा, आणि मधल्या दिवसांत बर्फ कच्चा असला की देवाचं नाव घ्यायचं, माणसं बुडालीत तिथे. वर १९९७ पासून त्याच वस्तीला सरकारची नोटीस की तुमचं पाणी उकळूनच प्या. मग चोवीस वर्षं बाटलीबंद पाणी आणायचं, कुणी? ज्यांच्या अंगणातलं पाणी आम्ही इथे गाड्या धुवायला वापरतो त्यांनी! बारमाही रस्ता झाला २०१९ ला, त्याला नाव दिलं फ्रीडम रोड, आणि फिल्टर प्लांट सुरू होऊन नोटीस उठली सप्टेंबर २०२१ ला.

२०१४ मध्ये विनिपेगला मानवी हक्कांचं मोठं काचेचं म्युझियम उघडलं, आत पाण्याची कुंडं आहेत, पाणी अर्थातच शोल लेकचं. तर शोल लेक ४० च्या लोकांनी त्याच वर्षी आपल्या वस्तीचंच म्युझियम केलं, नाव ठेवलं मानवी हक्कांच्या उल्लंघनाचं म्युझियम. असा टोमणा मारायला डोकं लागतं, आमच्या गावाकडच्या बायकांना जाम आवडला असता.

आता शहापूर. मुंबईला पाणी पाजणारी तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं आमच्या भागात, त्यातलं तानसा तर १८९२ चं, आणि दर एप्रिल-मेमध्ये आमच्याच तालुक्यातल्या कातकरी, ठाकूर, वारली पाड्यांवर टँकर. माझ्या लहानपणी मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या काळ्या पाइपाच्या एका व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकायचं, तिथे पाड्यावरच्या बाया पहाटेपासून हंडे लावून बसायच्या, एका हंड्याला किती वेळ लागतो हे त्यांना घड्याळाशिवाय कळायचं, आणि मग कुणीतरी येऊन तो व्हॉल्व्ह घट्ट करून जायचा. गळती थांबली म्हणून त्याचं काम झालेलं असायचं. मी पलीकडून शाळेला जायचे, आमच्या घरी बोअर होती, मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. म्हणजे पाइपाच्या सोयीच्या बाजूला असायची मला सवयच आहे, तिथेही होती आणि इथेही लागली.

म्हणून "आपण काल आलो" हे चालत नाही. नळ उघडला त्या दिवसापासून आपण या हिशोबात आहोत.

मॅडम, तुम्ही स्वतः क्री आहात, या खात्यावर फर्स्ट नेशन्समधलं माणूस पहिल्यांदाच बसलंय, तुम्हाला मी काय शिकवणार. पण तुमच्या आधीच्यांनी काय केलं ते आम्ही बाहेरून बघतोय. २००८ ला पार्लमेंटमध्ये माफी झाली, मूळ लोकांची दीड लाखाहून जास्त पोरं आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत टाकली त्याबद्दल. २०१५ ला त्या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने ९४ कामांची यादी दिली. २०२१ पासून ३० सप्टेंबर हा त्या शाळांची आठवण ठेवायचा राष्ट्रीय दिवस, आम्ही पण नारिंगी टीशर्ट घालतो, ऑफिसात फोटो काढतो. फर्स्ट नेशन्सच्या वस्त्यांवरच्या पाण्याच्या नोटिसा मार्च २०२१ पर्यंत संपवू असं वचन होतं, ते हुकलं. १४० च्या वर उठवल्या हे मान्य, खरंच मोठं काम आहे, पण उत्तर ओंटारिओत नेस्कँटागा या फर्स्ट नेशनला १९९५ पासून नोटीस आहे. १९९५ ला मी तिसरीत होते, आता माझी मुलगी तिसरीत आहे.

प्लांट बांधणं सोपं, फीत कापता येते. पुढे तो चालवणारा ऑपरेटर टिकायला हवा, आणि कित्येक वर्षं तुमचं सरकार चालवायच्या खर्चाचे ८० टक्केच धरायचं, उरलेलं वस्तीने बघायचं, २०२० नंतर कुठे पूर्ण खर्च द्यायला लागलं. शिवाय विनिपेगच्या पाण्याला प्रांताचा कायदा आहे, रिझर्व्हवरच्या, म्हणजे फर्स्ट नेशन्ससाठी राखीव जमिनीवरच्या, पाण्याला तसा सक्तीचा कायदाच नाही. त्यासाठीचं सी-६१ बिल डिसेंबर २०२३ ला आणलं आणि जानेवारी २०२५ ला पार्लमेंटचं सत्रच गुंडाळलं तेव्हा ते तसंच मेलं. त्याच्या जागी जे येईल त्यात जिथून पाणी उचलतात त्या तळ्या-नद्यांचं संरक्षण पातळ करू नका, प्रांत कितीही ओरडले तरी. एवढंच म्हणेन, बाकी तिथले लोक माझ्यापेक्षा नीट सांगतील.

माझं स्वतःचं मागणं छोटं आहे. मी २०२२ ला नागरिकत्वाची शपथ घेतली, झूमवर, किचनच्या टेबलाशी, मागे कुकर बंद करून. त्या शपथेत २०२१ पासून फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी या मूळ लोकांचे हक्क आणि करार यांचा उल्लेख आहे, आयोगाच्या यादीतलं ते शेवटचं, चौऱ्याण्णवावं काम. मी जजच्या मागून म्हटलं, पाठोपाठ, श्लोक म्हणतात तसं. करार म्हणजे कुठला, कुणाशी, माझ्या घराखालची जमीन कोणत्या करारातली, काही माहीत नव्हतं. नागरिकत्वाच्या टेस्टच्या पुस्तकात निवासी शाळांवर एखादा परिच्छेद होता तो रट्टा मारून झाला होता. तर नवीन माणूस उतरला की हेल्थ कार्ड, बँक, ड्रायव्हिंग लायसन्सचे कागद देतात ना, त्यात एक पान घाला. तुझ्या शहराचं पाणी इथून येतं, या लोकांकडून येतं, आणि त्यांच्या घरच्या नळाची आजची स्थिती ही आहे. शहरागणिक वेगळं पान, दरवर्षी तारीख टाकून. पंजाबीत द्या, तागालोगमध्ये द्या, मराठीचं आम्ही करून देऊ, फुकट. हे इमिग्रेशनचं खातं बघतं हे माहितीये, पण तुम्ही एकाच कॅबिनेटमध्ये बसता.

काकांना मी या रविवारी फोन करणारे. फ्रीडम रोडने शोल लेकपर्यंत जाऊन यायचं म्हणते, अर्थात तिथल्या बँड ऑफिसला (वस्तीच्या कार्यालयाला) आधी विचारून, असंच कुणाच्या दारात जाऊन उभं राहायला ते काही पिकनिक स्पॉट नाही. काका येतील की नाही माहीत नाही, गाडी मात्र त्यांची मोठी आहे.

उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल.

आपली,
शहापूरची एक विनिपेगकर