झेन म्हणजे झटपट नव्हे

रविवार पुरवणीतील चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावरील लेख वाचला. झेन या बौद्ध ध्यानपरंपरेच्या विचारांच्या प्रभावामुळे त्यांची अमूर्त चित्रे क्षणात, उत्स्फूर्तपणे उतरली, असा त्याचा सूर आहे. तो पटला नाही.

जपानी झेन भिक्षूंच्या शाईचित्रांबाबत तसे म्हणता येईल. तिथे कागद शाई शोषून घेतो. कुंचला एकदा फिरला की दुरुस्तीला वाव नसतो. गायतोंडे मात्र कॅनव्हासवर तैलरंगात काम करत. रोलरने पातळ थर चढवायचे, पॅलेट नाइफने (रंगकामाच्या पातळ सुरीने) काही भाग खरवडायचा, खालचा रंग वर येऊ द्यायचा, पुन्हा थर द्यायचा. त्यामुळे वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. झेनकडून त्यांनी मौन घेतले, थांबण्याची तयारी घेतली. एका फटकाऱ्यात चित्र संपवण्याची घाई नव्हे. उलट, १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास अवघड झाले तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटने केली. शाईचित्रांच्या परंपरेशी थेट नाते सांगायचे तर ते इथे. या रेखाटनांचा लेखात उल्लेखही नाही. २०१३ च्या मुंबईतील लिलावात त्यांच्या चित्राला मिळालेल्या २३ कोटी ७० लाख रुपयांवर मात्र अख्खा परिच्छेद आहे!

वर्तमानपत्राच्या छपाईत हे थर दिसत नाहीत, हे मान्य. निदान चित्राखाली माध्यम, आकार आणि साल तरी द्यावे.

– एक वाचक, नाशिक