नंद्याला पत्र: आईचं नाक

वेंगुर्ला,
कार्तिक संपत आला

प्रिय नंद्या,

दिवाळीला माझा फोन नाही, मेसेज नाही, म्हणून तू मला यथेच्छ शिव्या घातल्या असणार. घाल. तुझा फोन आला तेव्हा मी समोरच बसलो होतो आणि उचलला नाही. घरात फोनवर बोललं की आई भाजी चिरायची थांबते आणि कान इकडे लावते. जे सांगायचंय ते तिच्याबद्दलच आहे, म्हणून कागदावर.

तब्येती ठीक. माझं बीपी गोळीवर, हिची पाठ अधूनमधून. पुढे.

आईला वास येत नाही. अजिबात नाही. श्रावणात तो ताप आला होता ना, चार दिवस पेज पिऊन पडली होती, तेव्हापासून. आणि हे तिने दिवाळीपर्यंत कोणाला कळू दिलं नाही. हिला नाही, मला नाही, मुंबईच्या माईला तर नाहीच नाही.

आता तू म्हणशील, म्हातारपणी होतं असं. दुसऱ्या कोणी म्हटलं तर चालेल, तू म्हणू नकोस. आपल्या मागच्या पडवीत तवसोळी चुलीवर असायची, पातेल्याच्या झाकणावर निखारे, आणि आई पुढच्या ओटीवर बसून कोणाशी तरी गजाली करत असायची. मधेच वाक्य अर्धं टाकून उठायची, "झाला." घड्याळ नाही, सुरी खुपसून बघणं नाही. काकडी, गूळ, खोबरं आणि तांदळाचा रवा यांचा कच्चा वास जाऊन तळाचं तूप खरपूस व्हायला लागलं की तिला पुढच्या दारात कळायचं. आणि तिच्या आधी कळायचं तुला, भिकारड्या. कुंपणापलीकडून यायचास. खालची खरपुडी अर्धी अर्धी करायची ठरलेली असताना दहावीच्या वर्षी सगळी तू खाल्लीस, त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

तर दिवाळीत तिने तवसोळी घातली. पावसातलं शेवटचं पिवळं तवसं (मोठी काकडी) तिने वाशाला दोरीने बांधून ठेवलं होतं, ते काढलं. मी आत माझा पाव मळत होतो. (हो, अजून करतो. पहिल्या पावाच्या फोटोवर तू "बंदराच्या धक्क्याला लाव" असं लिहिलं होतंस, ते मी विसरलेलो नाही. आता तो फुगतो. पावसात पीठ ओलं धरतं, पाणी थोडं कमी घालायचं, एवढंच होतं ते.) मला करपल्याचा वास आला, मग धूर दिसला. आई ओटीवर शेजारणीशी बोलतेय, शांतपणे. मी धावत जाऊन निखारे पाडले. तळ कोळसा. ती आली, बघितलं आणि म्हणाली, "आग जास्त झाली." मीही मान हलवली.

पण मग मी बघायला लागलो. मासेवाली दारात आली. आईने बांगड्याचा कल्ला बोटाने उघडला, नेहमीसारखा नाकाशी नेला. आणि तिथेच थांबली. अगदी क्षणभर. मग शेजारणीला विचारते, "ताजो आसा मां गो?" माझ्या आईने दुसऱ्याला मासा विचारला, नंद्या! बाजारात जिच्या मागे उभं राहून बायका मासे घ्यायच्या ती बाई.

आणि जेवण. श्रावणापासून आमच्याकडे सगळंच जहाल व्हायला लागलं होतं. कोकमाच्या तिवळात मिरची, घावनाबरोबरच्या चटणीत आल्याचा अर्धा गड्डा, सारात तिरफळं मुठीने. आम्ही म्हणायचो, वय झालं, अंदाज चुकतो. अंदाज चुकत नव्हता. सावंतवाडीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेली तेव्हा त्याने समजावलं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी म्हणतात ती सारातली भरीव चव, एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते बहुतेक नाकाचं काम. पण मिरची आणि आल्याची आग ही चव नव्हे, ती वेगळ्या नसेने कळते, नाक गेलं तरी ती शाबूत. म्हणजे तिला ताटातलं फक्त तेवढंच पोचत होतं. काहीतरी लागावं म्हणून ती मिरची वाढवत होती, आणि आम्ही पाणी पीत पीत हसत होतो.

कबूल तिने डॉक्टरकडे नाही, त्याच्या आधी केलं. आरवलीला वेतोबाला केळ्यांचा घड द्यायचा होता, तिचा तापातला नवस. रिक्षा केली. देवळात त्या भल्यामोठ्या चामड्याच्या चपलांकडे बघून ती दर वेळी म्हणते तेच म्हणाली, की देव रात्री फिरतो तर झिजणारच. मग शिरोड्याला गेलो, मिठागरांच्या बाजूला रिक्षा थांबवून चहा घेतला. १९३० चा सत्याग्रह आपण शाळेत पाठ केला होता, आठवतंय, तू उत्तरात दांडीच्या जागी शिरोडा लिहून मार खाल्लास. तेच मी तिला सांगत होतो तर ती मधेच म्हणाली, "मीठ कळता रे माका. बाकी काय्येक कळना नाय." मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणे, "सांगितलंय आसता तर चुलीपासून उठवलं आसतास."

आणि खरंच, माईचं पहिलं वाक्य तेच. स्वयंपाकाला बाई ठेव, गॅस बंद, इंडक्शन आण. माई मुंबईहून सगळं आणायला सांगते, स्वतः येत नाही. पण गॅसचं ती चूक म्हणत नाही, तीच तर रात्रीची झोप उडवणारी गोष्ट आहे. सिलिंडरातल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो दुर्गंध मुद्दाम घालतात. आणि आम्ही दोघं दिवसभर बाहेर, घरात ती एकटी, नेमकी तिलाच तो येत नाही. गळतीचा भोंगा आणला. वायरमनने ऐटीत छताजवळ लावला. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो, म्हणून मी तो काढून जमिनीपासून हातभर उंचीवर लावायला लावला. आई म्हणते, "ह्या काय कोंबड्यांका ऐकवूक लायलंस?" मग एका रात्री वीज जाऊन आली आणि तो भोंगा असा बोंबलला की वाडीतले लोक काठ्या घेऊन आले. आता ती त्याच्यावर टॉवेल वाळत घालते. मी काढतो, ती घालते.

चुलीपासून उठवायचं नाही, एवढं मी ठरवलंय. त्यावरून माईशी भांडणही झालंय. चूल, गॅस आणि चार माणसांना "घे रे अजून" म्हणणं, यापलीकडे ह्या बाईने स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. ते काढून घेतलं तर मग नाक बरं होऊन तरी ती काय हुंगणार आहे?

डॉक्टरने व्यायाम दिलाय. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, सकाळ-संध्याकाळ एकेक वीसेक सेकंद हुंगायचं, त्या वासाची आठवण करत. काही महिने. येईल याची खात्री तो देत नाही, पण बऱ्याच जणांना फरक पडतो म्हणाला. आईने लिंबू-लवंग ठेवलं, गुलाब आणि निलगिरी बाद. "गुलाब आमी कधी खाल्लो?" त्यांच्या जागी हॉर्लिक्सच्या बाटल्यांत सुकट आणि तिरफळं. ओटीवर बसून डोळे मिटून हुंगते. शेजारणी जप समजतात. परवा तिरफळाची बाटली हुंगताना म्हणाली, "इलो!" मला शंका आहे. तिरफळ चुरचुरतं, ते ती वास समजली असेल. मी काही बोललो नाही.

आता मुद्दा. गेल्या रविवारी तिने पुन्हा तवसोळी घातली आणि मला चुलीपाशी बसवलं. तिचं नाक म्हणून. दर थोड्या वेळाने ओटीवरून हाक, "वास इलो काय रे?" मी घड्याळावर पाव भाजणारा माणूस, दोनशे डिग्री आणि पंचवीस मिनिटं. निखाऱ्याला डिग्री कुठून आणू? करपेल या भीतीने मी आधीच "इलो" म्हणून टाकलं. ती उठून आली, पातेल्याशी कान नेला. ऐकलं. तूप अजून चरचरत होतं, पाणी आटलेलं नव्हतं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मेल्या, खोटा सांगतंस? नंद्याक बोलव. त्याचा नाक बरा."

मी पन्नाशी उलटलेला, तिचा सख्खा मुलगा, आणि ही माझी किंमत. हे कोणाला सांगू? हिला सांगितलं, ती हसून लोळली.

तर ये. मे महिन्यात नको, तेव्हा घरभर पोरं आणि आंबे. फेब्रुवारीत ये, सुरंगी फुलते तेव्हा. आईने मनाशी ठरवलंय की सुरंगीचा वळेसर (गजरा) नाकाशी धरल्यावर कळलं तर नाक परत आलं, नाहीतर गेलं ते गेलं. त्या दिवशी तिच्यासमोर मला एकट्याला बसायचं नाहीये. तवसं मी शोधून ठेवतो, कोणाच्या तरी माडीवर टांगलेलं असेलच.

तुझ्या चिरंजिवांची नोकरी पक्की झाली का? वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? डोंबिवलीची ती जागा विकू नकोस असं माझं मत, पण तू कधी माझं ऐकलंयस.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बस. तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री बारानंतर सुटते, म्हणजे तारीख दुसऱ्या दिवसाची लागते. मागच्या वेळी तिकीट हातात घेऊन गाडी गेल्यावर चोवीस तासांनी तू स्टेशनवर पोचला होतास. येताना तिकडून चांगल्या यीस्टचं पाकीट आण. आणि आईसमोर माझ्या पावाबद्दल तोंड उघडू नकोस, तिला तो आवडतो असं ती मला सांगते.

तुझा,
भाई