घारापुरी : सोमवारी धवल्यांची (लग्नातल्या पारंपरिक गाण्यांची) बैठक

मंडळी, सोमवारी लेणी बंद म्हणजे आपले स्टॉलपण बंद, तर येत्या सोमवारी संध्याकाळी 5 ला राजबंदरला देवळासमोर बसायचंय. शेतबंदर, मोराबंदरवाल्यांनी पण यायचं, अंधाराआधी घरी जाल.

हळदीला आता डीजेच वाजतो, धवले म्हणणाऱ्या आज्या बोटावर मोजण्याइतक्या राहिल्यात, म्हणून पोरापोरींनी आजीला खेटून बसायचं आणि ती म्हणेल ती ओळ मागोमाग म्हणायची, नुसतं शूटिंग नको.

- रेकॉर्डिंग एकाच मोबाईलवर, तोही एअरप्लेन मोडवर!! मागच्या वेळी मध्येच फोन आला नि अख्खा धवला गेला.
- आजीला विचारल्याशिवाय रील टाकायची नाही.
- उरण-न्हाव्याला असलेल्यांनी रविवारीच या, सोमवारी लाँचचा भरवसा नाही.

ढोलकी कोणाकडे चांगली आहे? लगेच सांगा.